धरण नवें, नदी जुनी

पेंच नदीच्या कांठीं राहणाऱ्या ढिवर व गोंड बंधूंनो, तुमचा मासळीचा हक्क तुम्हीं कागदावर आणला काय?

तोतलाडोहाला धरण झालें आणि नदीचा तलाव बनला. भोंवतालचें जंगल नागपूरच्या बाजूस १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान व १९९९ सालीं व्याघ्रप्रकल्प ठरलें. मग ज्याचा बाप त्याच नदींत जाळें टाकीत होता, तो एका रात्रींत चोर ठरला! पलीकडे मध्यप्रदेश सरकारनें १९९६ सालीं ३०५ कुटुंबांना या तलावांत मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध फिर्याद झाली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला: फोटोचें ओळखपत्र हवें, ठरलेल्या वाटेनेंच जावें, कांठावर आग पेटवूं नये. पण रानांतून उठविलेल्यांच्या पोटाची सोय झाली पाहिजे, असेंही न्यायालयानें बजावलें.

वाघ जगावा, हें आम्हांसही हवें. विणीच्या दिवसांत जाळें बंद ठेवा, बारीक भोकांचें जाळें टाकूं नका, असें कोणी सांगितलें तर तें रास्तच आहे. परंतु चोरटा व्यापारी आणि पोटापुरती मासळी धरणारा गरीब एकाच दोरींत बांधणें, हा न्याय नव्हे.

२००६ च्या वनहक्क कायद्यांत मासळीचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानही त्यांतून सुटलेलें नाहीं. मात्र जे अनुसूचित जमातींत मोडत नाहींत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. येथेंच ढिवर बांधव अडतो. "तुमचा तलाव तर कालचा!" असें कोणी म्हणेल. त्याला सांगा: धरण नवें असेल, नदी जुनी आहे. कायदा वस्ती व रानावरचा निर्वाह विचारतो, धरणाचें वय विचारीत नाहीं.

पुरावा कोठून आणावा? दावेदाराशिवाय इतर वृद्धांची जबानी लिहून काढली तर नियमांप्रमाणें तीही पुरावा होते. पण एकट्या जबानीवर भागत नाहीं, आणखी एका प्रकारचा पुरावा जोडावा लागतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढें जातो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद मागावयाची तर मुदत फक्त ६० दिवसांची.

आजवर आमचें नुकसान निसर्गापेक्षां अक्षरशून्यतेनेंच अधिक केलें. घरांतलीं मुलें आतां शाळेंत जातात. त्यांना वही देऊन म्हाताऱ्यांपाशीं बसवा. तीं माणसें गेलीं कीं तो पुरावाही त्यांच्याबरोबर जाईल.