बुडबुडे थांबले, म्हणून झालं?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. घरी केलेली बीअर! साताऱ्याकडे तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने यावर मत द्यावं, याचं काही नातेवाइकांना नवल वाटेल. वाटू दे. मत अनुभवातून आलेलं आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे इंग्लंडला होते. जावईबापूंना घरी बीअर करायचा छंद. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय असलं काही करणं गुन्हा आहे. तिथे मात्र १९६३ पासून घरापुरती बीअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही.

तर तेवीस लिटरचं एक प्लॅस्टिकचं पिंप. त्यात मोड आणलेल्या जवाचा पाक, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. झाकणात पाणी भरलेली एक छोटी नळी, तिला एअरलॉक म्हणतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, आणि तो वायू त्या नळीतून बुडबुड करत बाहेर पडतो. पहिले तीन दिवस नुसती धमाल. सातव्या दिवशी सगळं चिडीचूप.

"झालं आई! बुडबुडे थांबले. सोबतच्या कागदावरही सातच दिवस लिहिलेत," जावईबापू म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पिंप गॅरेजमध्ये होतं आणि रात्री चांगलाच गारठा पडत होता. थंडीत इडलीचं पीठ सकाळी जसंच्या तसं दिसतं आणि ऊब मिळाली की दुपारी पातेल्याबाहेर येतं, हे कुठल्या बाईला माहीत नाही? पण जावयाच्या कामात सासूने नाक खुपसायचं नाही, ही आमच्या पिढीची शिस्त. गप्प बसले.

बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येकीत मुद्दाम थोडी साखर घालतात, तीही घातली. बुचं ठोकली आणि बाटल्या जिन्याखालच्या उबदार कपाटात ठेवल्या. पाचव्या रात्री मोठा आवाज झाला. मग दुसरा, मग तिसरा! काचेचे तुकडे कपाटाच्या दारात रुतले होते. त्याच कपाटात माझ्या नातीचे शाळेचे बूट असतात. रोज सकाळी ती तिथेच खाली बसून ते घालते. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी जावयांनी डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे आणि अंगात जाड कोट घालून उरलेल्या बाटल्या घोंगडीत गुंडाळून अंगणात नेल्या, गार होऊ दिल्या आणि एकेक बूच सैल केलं. मग आम्ही त्यांची वही काढून बसलो.

हायड्रोमीटर त्यांच्याकडे होता. आपल्या दूध डेअरीतला लॅक्टोमीटर आठवा, त्याचाच हा भाऊ. पाण्यात तो १.००० दाखवतो. साखर जितकी जास्त, तितका वर तरंगतो. सुरुवातीचा आकडा होता १.०४५. शेवटी साधारण १.०१० यायला हवा होता. बाटल्या भरताना त्यांनी एकदाच पाहिला, १.०१८. "आलंय जवळपास," असं म्हणून सोडून दिलं. आता हिशेब करा. आकडा एक हजारांशाने उतरला की लिटरमागे साधारण दोन ग्रॅम साखर संपते. आठ हजारांश म्हणजे सोळा ग्रॅम. मुद्दाम घालायची साखर लिटरला पाच-सहा ग्रॅम. म्हणजे तिच्या जवळजवळ तिप्पट साखर आम्ही बाटलीत कोंडली! थंडीने तळाशी जाऊन बसलेलं यीस्ट उबेला जागं झालं, दुसरं काय.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की बुडबुड्यांची साक्ष धरू नये. ती दोन्ही बाजूंनी खोटी निघते. झाकण जरा सैल असेल तर वायू तिथूनच निसटतो आणि काम चालू असूनही नळी गप्प राहते. उलट काम संपल्यावरही, हवा तापली की आत विरघळलेला वायू बाहेर येतो आणि नळी बोलू लागते. कॅलेंडरचीही साक्ष धरू नये, कारण यीस्टला कागदावरचे सात दिवस कळत नाहीत, ऊब कळते. वर्ग शांत झाला म्हणजे धडा सगळ्यांना समजला असं कुठे असतं?

खरी साक्ष आकड्याची, आणि तीही एकदा घेऊन भागत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला पाहिजे आणि तो अपेक्षेच्या आसपासही पाहिजे. आकडा हलत नाही पण बराच वर अडकलाय, तर काम संपलेलं नाही, रुसलेलं आहे. त्याला ऊब द्यावी आणि थांबावं.

"अनुभवी माणसाला चवीवरून, वासावरून कळतं," असं कुणी म्हणेल. मी स्वतः जन्मभर अंदाजाने स्वयंपाक केला. पण इडली बिघडली तर आंबट होते, इतकंच. जिथे काचेत कोंडून बूच ठोकायचं आहे, तिथे अंदाज नको. लेकरंबाळं त्या घरात वावरतात.

पुढचं पिंप घरात, वीस अंशांच्या आसपास ठेवलं. दहाव्या दिवशी आकडा आला १.०१२. जावईबापू बाटल्या धुवायला निघाले. या वेळी मी म्हटलं, "अजून दोन दिवस थांबा." थांबले. १.०१०. आणखी दोन दिवसांनी पुन्हा १.०१०. नातीने वहीत तारखेसह लिहून ठेवलं, आणि मगच बाटल्या भरल्या.

चव घेतली का, विचाराल. चमचाभर. कारल्याचा रस बरा! असो. पण पहिल्या वेळी मी का बोलले नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. तुमच्यापैकी कुणी सासूबाई असाल, तर सांगा बघू.