आरोग्यसेवा उसाच्या फडापर्यंत पोहोचवा : जालना जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड महिलांच्या आरोग्याबाबत

महोदय,

दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने दिलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत फड सुटत नाही. कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. म्हणून पाळीत अंगावरून कितीही गेले तरी बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते. कोपीजवळ ना संडास, ना आडोसा. दुखणे अंगावर काढून काढून शेवटी ती खासगी दवाखान्यात गर्भाची पिशवी काढून येते, आणि तो खर्च पुन्हा उचलीतूनच भागवावा लागतो.

शेजारच्या बीडमधील या प्रश्नावर २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशीच घरोघर पाहणी जालन्यात करून गावनिहाय आकडे जाहीर करावेत.

आशाताईंच्या वहीत नाव गावात राहते आणि गरोदर बाई असते कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या फडात. टोळी कुठे गेली हे तिथल्या आरोग्य केंद्राला कळवण्याची जबाबदारी आपल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांवर सोपवावी. कर्नाटकासाठी आपण स्वतः तिथल्या जिल्हा प्रशासनाला लिहावे.

निघण्यापूर्वी आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परतल्यावर प्रत्येकीची तपासणी व्हावी. मात्र तिचा कागद मुकादमाच्या हाती जाता कामा नये, ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी आहे. १९०६ पासून अमेरिकी अमलाखालच्या फिलिपिन्समधून हवाईच्या ऊसमळ्यांवर मजूर नेले गेले, तेव्हा भरती करणारे हातांचे घट्टे पाहून माणसे निवडत. मळ्याला धडधाकट अंग हवे होते. आमच्याकडची तपासणी तशी होऊ नये. आजारी म्हणून बाईचा कोयता नाकारला, तर पुढच्या वर्षी कोणीही दुखणे सांगणार नाही.

आजारपण, पाळी व बाळंतपणात खाडा लावू नये, अशी शिफारस साखर आयुक्तांकडे पाठवावी. जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या तळांवर पाणी, संडास आणि आठवड्याला महिला डॉक्टर यंदाच्या हंगामापासूनच मिळावेत.

टोळ्या निघण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी व कामगार अधिकाऱ्यांसह बैठक घ्यावी आणि तीत आम्हा बायांना बोलू द्यावे, ही विनंती.

आपल्या,
ऊसतोड महिला व कुटुंबीय, जिल्हा जालना

प्रत : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, जालना