उजनी उणे, रोहित अधिक

सोलापुरात दोन माणसे भेटली की तब्येतीची विचारपूस नंतर, आधी उजनीची टक्केवारी निघते. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, जिल्ह्यात ऊस, आणि उसामागोमाग कारखाने नि निवडणुका. त्यामुळे धरण किती भरले हे पानटपरीवरचा माणूसही दशांशासकट सांगतो. आकडा शून्याखाली गेला की 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणायचे आणि आकाशाकडे बघायचे. 2024 च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती.

हे मायनस जरा फसवे आहे. भीमेवरच्या या धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यात उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या आसपास आणि मृत साठा 63 च्या वर. म्हणजे शून्य टक्क्यांवरही निम्म्याहून अधिक पाणी जागच्या जागी असते. फक्त काठ मागे सरकलेला असतो आणि मागे गाळाच्या ओल्या पट्ट्या उरतात. शेतकरी तिथे गाळपेर करतो. आणि कच्छच्या रणातून आलेला रोहित तिथेच जेवायला उतरतो.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, कुणी त्याला अग्निपंखही म्हणते. उजनीवर येतो तो प्रामुख्याने मोठा रोहित. 'भिगवणचे फ्लेमिंगो' या नावाने त्याचा बोलबाला झाला आणि सोलापूरकरांच्या पोटात थोडे दुखले. धरणाची भिंत माढा तालुक्यात, पण नावाड्यांची मिळकत आणि पर्यटकांची गर्दी पुणे जिल्ह्याच्या काठावर, इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगाव-डिकसळला. समोरचा काठ करमाळ्याचा. केत्तूर, कुगाव, वाशिंबे ही गावे त्याच पाण्यावर वसलेली. पक्ष्यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसल्याने ते दोन्हीकडे चरतात. पाट्या मात्र एकाच बाजूला लागल्या. 'पक्षिकोश' लिहिणारे मारुती चितमपल्ली 1932 मध्ये सोलापुरात जन्मले, 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जून 2025 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही याच शहरात. त्यांच्या गावाने उजनीची ओळख टक्केवारीपुरती ठेवावी, हे चमत्कारिकच.

या पक्ष्याचे जेवण पाहण्यासारखे असते. चोच पाण्यात उलटी, म्हणजे वरचा जबडा खाली. जीभ दट्ट्यासारखी पुढेमागे हलते, सेकंदाला चार-पाच वेळा पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात्रे असतात. त्यांत किडे, अळ्या, शेवाळ अडकते. पायांनी तो गाळ तुडवतो, तेही गोल फिरत. पाणी ओसरल्यावर चिखलात ती वर्तुळे उमटलेली दिसतात. हीच भीमा पुढे पंढरपूरला जात असल्याने त्यांना रिंगण म्हणण्याचा मोह कुणालाही व्हावा.

गाळून खाण्याची हीच युक्ती समुद्रात हंपबॅक देवमाशाने साधली आहे. त्याच्या जबड्यातून नखांच्याच द्रव्याच्या शेकडो पट्ट्या झालरीसारख्या लोंबतात. पाण्याचा प्रचंड घोट घ्यायचा, झालरीतून तो बाहेर ढकलायचा आणि आत राहिलेले मासे-कोळंबीसारखे जीव गिळायचे. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जेवतात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात जाऊन जवळजवळ उपाशी राहतात. अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच असतात, कारण त्यांची पंगत नैऋत्य मोसमी वारे मांडतात. हे वारे ओमानच्या किनाऱ्यावर वरचे पाणी लोटतात, खालचे थंड आणि सकस पाणी वर येते आणि माशांची चंगळ होते. तेच वारे पुढे सह्याद्रीला धडकतात, भीमेच्या उगमाकडे कोसळतात आणि पुण्याकडची धरणे भरली की उजनीत येतात. देवमासा आणि रोहित या दोघांचा आचारी एकच.

तिकडे 2017 च्या अखेरीस ओमानच्या संशोधकांनी एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले. तिचे नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तशीच दक्षिणेला कन्याकुमारीकडे गेली. 1960 च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात 242 हंपबॅक मारले होते. आज ओमानच्या पाण्यात शंभरेकच उरले असावेत, असा अंदाज आहे. इतक्या थोड्या जिवांचा माग समुद्रभर काढता येतो, कारण प्रत्येकाच्या शेपटीची नक्षी वेगळी असते आणि कुणीतरी तिचे फोटो जपून ठेवलेले असतात.

उजनीवर हिशेब ठेवणे त्याहून कितीतरी सोपे. रोहिताचे येणे थंडीपेक्षा पाण्याच्या खोलीवर ठरते. पाय लांब असले तरी खोल पाण्यात त्याचा तळाशी हात पोचत नाही, म्हणजे चोच पोचत नाही. धरण तुडुंब असले की गाळ उशिरा उघडा पडतो आणि थवेही उशिरा टेकतात. पाणी झपाट्याने सोडले की गाळ वाळून त्याला भेगा पडतात आणि ताट वाढण्याआधीच उचलले जाते. म्हणजे या पाहुण्याचे वेळापत्रक कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तिथे आवर्तनावरून खडाजंगी होते, आमदार तावातावाने बोलतात आणि गाळ कधी उघडणार हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पक्ष्यांसाठी पाणी राखा, असे सोलापुरात म्हणण्याची कुणाची छाती नाही, आणि म्हणूही नये. पिण्याचे पाणी आधी. पण 1980 मध्ये धरण पूर्ण झाल्यापासूनची पातळी जलसंपदा खात्याच्या वह्यांत आहे आणि थवे कोणत्या आठवड्यात उतरले हे काठावरच्या मच्छीमारांच्या तोंडी आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडायला फार पैसा लागत नाही. करमाळ्याकडच्या एखाद्या कॉलेजाच्या प्राणिशास्त्र विभागाने मनावर घेतले तर दोन हिवाळ्यांत सुरुवात होईल.

आणि एक हिशेब पाण्याच्या दर्जाचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यावर शेवाळ माजते, जलपर्णी पसरते. शेवाळ माजले म्हणून रोहिताचे फावते, असे काही जण हसत म्हणतात. तेच पाणी चार दिवसांनी सोलापूरच्या नळाला येते.