सशापुढे टोळीनायक

वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूडच्या चित्रसंस्थेने एकाच अंगणात दोन नायक वाढविले. एक, १९३१ च्या ‘लिटल सीझर’मधील एडवर्ड जी. रॉबिन्सनचा टोळीनायक, दुसरा, १९४० साली अवतरलेला, गाजर चघळणारा बग्ज बनी. दोघांनाही बीळ प्रिय आणि दोघांच्याही मागे बंदूक लागलेली. फरक इतकाच, की टोळीनायक गोळीवर जगतो व गोळीनेच मरतो. ससा बंदूकवाल्या एल्मर फडलाच रडकुंडीस आणतो.

१९४६ च्या ‘रॅकेटिअर रॅबिट’मध्ये तर फ्रिझ फ्रेलंग यांनी रॉबिन्सनचेच व्यंगरूप सशासमोर उभे केले. अखेरीस तो दरारेबाज गुंड, ‘या सशापासून सोडवा’ म्हणून आपण होऊन पोलिसांमागे धावतो!

१९३४ पासून सक्तीने लागू झालेल्या नीतिसंहितेचा आग्रह होता, की पडद्यावर गुन्हेगाराचा शेवट वाईटच व्हावा. परंतु मरणाने गुंडास वलय लाभते, प्रेक्षक हळहळतो. हसे झालेल्या गुंडासाठी मात्र कोणी अश्रू ढाळीत नाही. दहशतीचे भांडवल पिस्तूल नव्हे, तर बघणाऱ्याचे भय होय. आणि ते भांडवल हास्याने बुडते. संहितेच्या कात्रीला जे साधले नाही, ते सशाच्या दोन दातांनी साधले.