मेलेल्याचा भाव जिवंताला

"दारात लटकायला सांगितलं होतं कुणी?" लोकलमधून पडून एखाद्याचा कणा मोडला की आपल्या पालघर-बोईसरात पहिला प्रश्न हाच. सख्ख्या नातेवाइकांच्या तोंडूनसुद्धा! मंडळी, मी मराठीचा मास्तर, वकील नव्हे. पण हा प्रश्न कायदाही विचारत नाही.

१९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ वाचा. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर भरपाई, मग चूक रेल्वेची असो वा नसो. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, गुन्हा, नशा, वेड, आजारपण एवढेच अपवाद. निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरूनही दावा बुडत नाही; प्रतिज्ञापत्र द्यावं, पुढे खोडून काढणं रेल्वेकडे. (पडलेल्या माणसाचा पास खिशातच राहतो होय?)

माझं खरं भांडण पुढेच आहे. मृत्यूला ८ लाख, आणि काम करण्याची सगळी ताकद गेली तरी ८ लाखच! २०१७ च्या १ जानेवारीला ४ चे ८ झाले, ते तिथेच थांबले. अहो, मज्जारज्जू तुटलेला माणूस पुढे कित्येक वर्षं जगतो. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. लघवीला नळी. ते करणारी बहुधा आई नाहीतर बायको, तिच्या श्रमांचा हिशेब कोण धरतो? पगारी माणसाला महिना १५ हजार धरा, साडेचार वर्षंही निघत नाहीत.

तोच माणूस मनोरला हायवेवर ट्रकखाली सापडला असता तर? मोटार अपघाताच्या दाव्यात बुडालेली कमाई, औषधं, मदतनीस सगळं वेगळं मोजतात. कायमच्या परावलंबी झालेल्या एका १२ वर्षांच्या मुलीला २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मदतनिसांपोटी २१ लाख ६० हजार दिले. कणा तोच, दुखणं तेच, फक्त रुळांऐवजी रस्ता!

बरं, रेल्वेची ही रक्कम वाढवायला संसदेत कायदाही करावा लागत नाही. ती केंद्र सरकारच्या नियमांत आहे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली म्हणून आपण पेढे वाटले. त्या गर्दीत रोज लोंबकळणाऱ्यांसाठी एक अर्ज कुणी केला?

आणि दाव्याची मुदत एक वर्ष. सबळ कारण असलं तर उशीर माफ होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कणा मोडलेल्याचं पहिलं वर्ष हॉस्पिटलातच जातं. स्टेशन मास्तरांकडची नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि केस पेपर घरच्यांनीच पहिल्या आठवड्यात मागून घ्यावेत.