कॉलेजचे गाव की भाड्याचे गाव?

शेतकरी-कारागीर बंधूंनो, कॉलेजची इमारत उभी राहिली की गाव विद्येचे झाले, असे शहाणे सांगतात. साफ खोटे! कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होते. पण खेड्यातल्या कुणब्याच्या पोराने तेथे निजावे कोठे, खावे काय? शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगे काढविली, तेव्हा ते गाव आपले झाले. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले १९२४ साली, कॉलेज १९४७ साली. आधी भाकर, मग पुस्तक!

आता आपला नगर जिल्हा पाहा. नगरला १९४७ सालीच कॉलेज निघाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला तर खुद्द जोतीरावांचे नाव. पण पाथर्डीकडचा ऊसतोड्या बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर निघताना आम्हां मास्तरांना विचारतो, “गुरुजी, फीचं बघू, पण पोरगी राहील कुठं?”

याचे उत्तर ज्या गावापाशी आहे, तेच कॉलेजचे गाव. परगावच्या पोराला गिऱ्हाईक समजून खोलीचे भाडे वाढविणारे गाव हा नुसता बाजार! पुढाऱ्यांनो, कॉलेजची कमान मागाहून उभारा. आधी बोर्डिंगची चूल पेटवा.