कर्नलचा गुरू

‘सेंट ऑफ अ वुमन’ म्हटलं की बहुतेकांना टँगो आठवतो. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातलं थाटाचं दालन, कार्लोस गार्देलनं १९३५ साली बांधलेली ‘पोर उना काबेसा’ची चाल, आणि काहीही न दिसणारा, पन्नाशी उलटलेला अल पचिनो. एका अनोळखी तरुणीला घेऊन तो असा नाचतो की तिथले डोळस लोक हातातला घास विसरून बघत राहतात. हा प्रसंग इंटरनेटवर सुटा मिळतो. तो बघायचा, पचिनोला दाद द्यायची आणि झोपी जायचं, अशी बऱ्याच जणांची या चित्रपटाशी ओळख आहे. माझीही बरीच वर्षं तेवढीच होती. अलीकडे पूर्ण चित्रपट पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट लख्ख दिसली, टँगो या माणसाला वाचवत नाही.

१९९२ सालचा हा चित्रपट मार्टिन ब्रेस्टनं दिग्दर्शित केला. कथा साधी आहे. चार्ली सिम्स हा ऑरेगनमधल्या ग्रेशम गावचा मुलगा, सावत्र बापाचं छोटं दुकान, आणि शिष्यवृत्तीवर पूर्वेकडच्या एका श्रीमंती निवासी शाळेत शिकतोय. नाताळला घरी जायच्या विमानाचे पैसे जमवायचे म्हणून तो थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तीनशे डॉलरचं काम धरतो. काम काय, तर दृष्टी गेलेल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याजवळ थांबायचं. तो अधिकारी म्हणजे लेफ्टनंट कर्नल फ्रँक स्लेड. तोंडाळ, दारूबाज, माणसाला पहिल्या भेटीत सोलून काढणारा. घरची मंडळी गावाला जायला निघाली रे निघाली की हा पोराला घेऊन विमानाच्या फर्स्ट क्लासनं न्यूयॉर्क गाठतो.

तिथं गेल्यावर तो जेवणाच्या टेबलावर सगळा बेत सांगून टाकतो. वॉल्डॉर्फ अस्टोरियात उतरायचं, उत्तम खायचं-प्यायचं, भावाला भेटायचं, एका सुंदर बाईचा सहवास मिळवायचा आणि मग पिस्तूल काढून सगळं संपवायचं. ऐकणारा पोरगा सतरा वर्षांचा. त्याला पुरतं कळतही नाही की हा माणूस थट्टा करतोय की खरं बोलतोय.

आता हा बेत नीट बघा. तो सगळा सुखांचा आहे. ‘आयुष्यात रस घ्या, छंद लावून घ्या, फिरून या,’ असं आपण उदास माणसाला सांगतो, त्याची ही शाही आवृत्ती. स्लेडनं ती अक्षरशः पार पाडली. टँगो नाचला. दुसऱ्या दिवशी अंगातली ऊब गेली आणि तो पलंगावरून उठेना, तेव्हा चार्लीनं त्याला बाहेर काढलं, मग स्लेडनंच फेरारीच्या विक्रेत्याला पटवून गाडी मिळवली आणि हा आंधळा माणूस रिकाम्या रस्त्यावर ती सुसाट हाकत सुटला. लहान मुलासारखा हसला. पण गाडी परत दिली, तशी त्याची रया गेली. हॉटेलात परतल्यावर त्यानं पोराला सिगार आणायला पिटाळलं आणि स्वतः लष्करी गणवेश चढवला. सुखं संपली होती, आणि त्यातलं एकही त्याला धरून ठेवू शकलं नव्हतं.

त्याला धरून ठेवलं ते एका हट्टी पोरानं. पण हा हट्ट आला कुठून, हे कळायला त्याचं शाळेतलं प्रकरण बघायला हवं.

मुख्याध्यापक ट्रास्क यांच्या नव्याकोऱ्या जॅग्वार गाडीवर आणि त्यांच्यावर काही श्रीमंत मुलांनी पांढऱ्या रंगाचा मारा केलेला असतो. त्या मुलांची तयारी बघणारे साक्षीदार दोघं, चार्ली आणि जॉर्ज विलिस. ट्रास्क चार्लीला एकट्याला थांबवून घेतात. शाळेच्या शिफारशीवर एक मुलगा हार्वर्डला जाऊ शकतो, तो तू असू शकशील, फक्त नावं सांग, असं सुचवतात. नाही सांगितलीस तर काय, हेही समजावतात. सोमवारी सर्वांसमोर सुनावणी. जॉर्जकडे फोन करायला वजनदार बाप आहे. चार्लीकडे असा फोन करायला कुणी नाही.

तो हे कर्नलला सांगतो. इथं चित्रपटातला माझ्या मते सगळ्यात खरा प्रसंग आहे. या तथाकथित गुरूचा पहिला सल्ला काय असावा? ‘विकून टाक.’ जॉर्ज आज ना उद्या सौदा करणारच, त्याच्या आधी तू कर, हार्वर्ड पदरात पाड, नाहीतर जन्मभर गावच्या दुकानात बसशील. विवेकाची भाषा ऐकून तो पोराची टर उडवतो. जग कोळून प्यायलेल्या माणसाचा हा हिशेब आहे आणि हिशेब म्हणून तो चोख आहे. जॉर्जबद्दलचा त्याचा अंदाज पुढे बरोबरही ठरतो. तरी चार्ली ऐकत नाही. मोठा युक्तिवाद करत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. ‘मला नाही जमणार,’ एवढंच.

ही कथा मुळात जोव्हान्नी आर्पिनो या इटालियन लेखकाच्या १९६९ सालच्या कादंबरीतून आली. दिनो रिझीनं तिच्यावर १९७४ साली इटालियन चित्रपट केला. त्यातल्या आंधळ्या कॅप्टनच्या भूमिकेसाठी व्हित्तोरिओ गासमनला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. तिथं सोबतीला असतो एक तरुण सैनिक, आणि शेवटी कॅप्टनला सावरते ती त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी. शाळा, गाडीवरचा रंग, हार्वर्डचं आमिष, सुनावणी यातलं तिथं काहीच नाही. हे सगळं अमेरिकी पटकथाकार बो गोल्डमन यांनी घातलं. प्रेमानं तरलेल्या माणसाची गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या सचोटीनं तरलेल्या माणसाची केली. माझ्या दृष्टीनं हा बदल टँगोपेक्षा मोलाचा आहे.

कारण स्लेडचं दुखणं फक्त आंधळेपणाचं नाही. भावाच्या घरी तो न कळवता जाऊन थडकतो. आपल्याकडेही प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक काका असतो, जो आला की बायका ताटं मोजतात आणि पुरुष घड्याळ बघतात. पुतण्या भर जेवणात सांगून टाकतो की काकांचे डोळे लढाईत गेलेले नाहीत. दारूच्या नशेत हातबॉम्ब झेलायचा खेळ करताना गेले. कर्नल ते ऐकून घेतो. मात्र हाच पुतण्या चार्लीला नको त्या नावानं पुन्हा पुन्हा हाक मारतो, तेव्हा तो त्याचा गळा धरतो. स्वतःच्या अब्रूसाठी नव्हे, तर पोराच्या नावासाठी. मरायला निघालेल्या माणसाला कुणाची तरी फिकीर वाटू लागल्याची ही पहिली खूण.

म्हणून पिस्तुलाचा प्रसंग घडू शकतो. सिगार आणायला गेलेला चार्ली अर्ध्या वाटेतून परत फिरतो आणि खोलीतून हलायला नकार देतो. कर्नल धमकावतो, ओरडतो, आपल्यापुढे नुसता काळोख आहे म्हणून फुटतो. जगण्याचं एक कारण दे म्हणतो. पोरगा रडवेला होऊन दोन देतो, तुमच्याइतका छान टँगो नाचणारा आणि फेरारी हाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. कारणं हास्यास्पद आहेत. टँगोत पाय अडखळले तरी नाचत राहायचं, हे कर्नलनंच त्या तरुणीला सांगितलेलं असतं. पोरगा तेच त्याला परत ऐकवतो. यातल्या कुठल्याही शब्दात जीव वाचवण्याची ताकद नाही. ताकद आहे ती बोलणारा कोण आहे यात. हार्वर्डसाठी जो खोटं वागला नाही, तो मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही, एवढी खात्री कर्नलला पटलेली असते. विकाऊ माणसाचं सांत्वन कुणाच्या कामी येत नाही.

आणि मग सोमवारची सुनावणी. जॉर्ज बापाला शेजारी बसवून गोलगोल बोलत नावं सांगून मोकळा होतो. (जॉर्ज झालाय फिलिप सेमूर हॉफमन. पुढे ‘कपोटी’साठी ऑस्कर मिळवणारा हा नट इथं अगदी पोरसवदा आहे, आणि तरी त्याचा भेकडपणा बघून अंगावर काटा येतो.) चार्ली गप्प राहतो. तेव्हा कर्नल उठतो. या भाषणाचीही खूप पारायणं होतात, पण त्यातल्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली, तो म्हणतो की या मुलाचं गप्प बसणं बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की स्वतःचं भविष्य विकत घेण्यासाठी हा कुणाला विकणार नाही. दुसरी, तो कबूल करतो की आयुष्याच्या प्रत्येक वळणावर योग्य वाट कुठली हे आपल्याला ठाऊक होतं, आणि ती अवघड होती म्हणून आपण ती कधीच धरली नाही.

पहिल्या वाक्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. गुन्हेगाराचं नाव न सांगणं हा काही आपोआप सद्गुण होत नाही. वसतिगृहांतलं रॅगिंग अशाच मौनावर पोसलं जातं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. कुणाच्या जिवाशी खेळ झाला असता तर चार्लीनं बोलायलाच हवं होतं. इथं मात्र चौकशीचा लिलाव ट्रास्कनी केला. खरं सांगण्याला त्यांनी हार्वर्डची किंमत लावली, आणि त्या क्षणी साक्ष देणं म्हणजे माल विकणं झालं. पोरानं नकार दिला तो त्या किमतीला.

दुसरं वाक्य कर्नलला गुरुपद देतं. आपल्या मनातला गुरू सगळं येत असलेला असतो. हा गुरू आपण कुठं चुकलो ते शिष्याच्या बचावासाठी चारचौघांत सांगतो. तीनच दिवसांपूर्वी ‘विकून टाक’ म्हणणारा माणूस न विकण्याची बाजू मांडतो. शिकवणारा कोण आणि शिकलेला कोण, हे वेगळं सांगायला नको.

चित्रपटात दोष आहेत. अडीच तासांहून अधिक लांबी आहे. कर्नलचं बायकांविषयीचं बोलणं आज कानाला टोचतं आणि टोचायलाच हवं. शेवटी सभागृह टाळ्यांनी दणाणतं आणि समिती चार्लीला निर्दोष सोडते; प्रत्यक्षात बहुतेक चार्ली बॅग भरून गावी परततात. पचिनोचा अभिनयही काही ठिकाणी आवाजात वाहून जातो. आधीच्या वर्षांतली सहा नामांकनं कोरडी गेल्यावर १९९३ साली त्याला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा हे जुन्या बाकीचं पारितोषिक आहे, असंही बोललं गेलं. पण समोरच्या माणसावर न स्थिरावणारी ती नजर, आणि पिस्तूल हातात असताना फुटलेला तो आवाज बघितल्यावर मला त्या वादात रस उरत नाही.

याच जातीचा एक चित्रपट मराठीत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं होतं. त्यातली जानकी जगणं नकोशा झालेल्या अनोळखी तरुणाला कोकणातल्या घरी नेते आणि त्याला प्रश्न न विचारता सोबत देते. इथं वय उलटं आहे, सूर उलटा आहे, एक चित्रपट गर्जतो आणि दुसरा कुजबुजतो. तरी दोन्हींचं म्हणणं एकच, खचलेल्या माणसाला उपदेश पुरत नाही, शेजारी बसणारं कुणी लागतं.

फक्त एक सावधगिरी. सतरा वर्षांच्या मुलानं पिस्तुलासमोर एकट्यानं उभं राहणं पडद्यावर ठीक आहे. प्रत्यक्षात तसं करू नये. घरात, कचेरीत, सोसायटीत कुणी निरवानिरवीची भाषा करत असेल, तर ती थट्टा समजून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, त्याचं ऐका, आणि डॉक्टरांची मदत लगेच घ्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.